आधी काम, मग पदवी: अमेरिकेतल्या ‘डॉक्टरेट’ नर्सची पार्श्वभूमी

नात्यातली एखादी मुलगी अमेरिकेत नर्सिंगमध्ये डॉक्टरेट करतेय असं कळलं, की घरात दोन तर्क निघतात. एक, ती आता डॉक्टर होणार. दुसरा, ती कुठल्यातरी कॉलेजात शिकवणार. बहुतेक वेळा दोन्ही चुकतात. ती घेत असते ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, ही पदवी आणि तिला व्हायचं असतं फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत घरातल्या कुणालाही तपासणारी, निदान करणारी, औषधं लिहून देणारी नर्स. गंमत अशी, की या कामाच्या परवान्यासाठी तिथे आजही मास्टर्स पुरते. मग डॉक्टरेट आली कुठून?

या कामाची मुळं डॉक्टर पोचत नव्हते त्या जागी आहेत. केंटकी राज्यातल्या डोंगराळ लेस्ली काउंटीत मेरी ब्रेकिनरिज यांनी 1925 मध्ये नर्स-सुईणींची सेवा सुरू केली. घोड्यावर मांड ठोकून, ओढे ओलांडून या बायका बाळंतपणं करायला जात. जवळपास डॉक्टर नसे. असायच्या त्या लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना आणि नर्सचं स्वतःचं डोकं. पुढे 1970 मध्ये याच संस्थेच्या शाळेने फॅमिली नर्स घडवणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला.

त्याआधी ड्यूक विद्यापीठात एक प्रयोग फसला, आणि तो फसण्याची कथा यशापेक्षा बोलकी आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथले डॉक्टर युजीन स्टेड आणि नर्सिंगच्या प्राध्यापिका थेल्मा इंगल्स यांनी अनुभवी नर्सना वैद्यकीय कामाचं वरचं शिक्षण द्यायचं ठरवलं. आडवं कोण आलं? डॉक्टर नव्हेत. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या नर्सिंगच्याच राष्ट्रीय संस्थेने नकार दिला. डॉक्टरांची कामं नर्सवर सोपवणं तिला पटेना. स्टेड यांनी मग नर्सचा नाद सोडला, नौदलातून परतलेल्या वैद्यकीय मदतनिसांना हाताशी धरलं आणि 1965 मध्ये ‘फिजिशियन असिस्टंट’ (डॉक्टरचा प्रशिक्षित सहायक) हा वेगळाच पेशा उभा केला. आज अमेरिकेतल्या दवाखान्यांत फिजिशियन असिस्टंट आणि नर्स प्रॅक्टिशनर हे दोन पेशे शेजारी शेजारी, थोडे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत काम करतात, त्याचं बीज या नकारात आहे.

त्याच 1965 मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला. फोर्ड सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या नर्स. ग्रामीण भागात लहान मुलांचे तात्पुरते दवाखाने चालवताना नर्स किती काय काय निभावते, हे त्यांनी स्वतः केलेलं होतं. वेळही जुळून आली. मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य विमा योजना त्याच वर्षी मंजूर झाल्या, लाखो नवे रुग्ण दारात येणार होते आणि डॉक्टर मात्र विशेषज्ञ व्हायला धावत होते. तरीही नर्सिंगमधल्या काही विचारवंत बायकांनी फोर्ड यांच्यावर टीका केली: ही नर्सिंगची वाढ नव्हे, हे तर नर्सला डॉक्टरच्या तंबूत ओढणं.

या नर्सना खरंच जमतं का? कॅनडात ओंटारिओमधल्या बर्लिंग्टन गावी 1971-72 मध्ये 1598 कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली गेली. काहींना पहिली भेट डॉक्टरची, काहींना नर्स प्रॅक्टिशनरची. वर्षअखेरीस दोन्ही गटांची तब्येत सारखीच निघाली. आलेल्या भेटींपैकी 67 टक्के नर्सनी डॉक्टरला न विचारता निस्तरल्या. तोटा झाला तो डॉक्टरांच्या गल्ल्याला, कारण नर्सने केलेल्या कामाचं बिल लावता येत नव्हतं.

पैशाचा हा पेच अमेरिकेत हळूहळू सुटला. 1977 च्या ग्रामीण दवाखाना कायद्याने गावांपुरती वाट मोकळी केली. 1997 च्या कायद्याने मेडिकेअरकडून नर्स प्रॅक्टिशनरला कुठेही थेट मोबदला मिळू लागला, डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के. तेच काम, पंधरा टक्के कमी. हा हिशोब डॉक्टरेट झालेल्या नर्सलाही लागू आहे.

पदवीचं घोडं उशिरा दामटलं गेलं. सुरुवातीचे अभ्यासक्रम काही महिन्यांचे, प्रमाणपत्रापुरते होते. 1990 च्या दशकात मास्टर्स रूढ झालं आणि त्यात विषयांची इतकी भर पडली, की मुली मास्टर्सच्या नावाखाली डॉक्टरेटएवढा अभ्यास करू लागल्या. शेजारी फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट ‘डॉक्टर’ होत होते. 2001 मध्ये केंटकी विद्यापीठाने पहिली डीएनपी सुरू केली (पुन्हा केंटकीच). 2004 मध्ये नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला, की 2015 पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरसारख्या वरच्या पातळीवरचं सगळं शिक्षण डीएनपीत जावं. 2015 आलं आणि गेलं. मग नर्स प्रॅक्टिशनर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने 2025 ची तारीख दिली. तीही टळली. भूल देणाऱ्या नर्सना मात्र डॉक्टरेट सक्तीची झाली.

पीएचडीशी हिची गल्लत नको. पीएचडीत संशोधनाचा प्रबंध. डीएनपीत किमान 1000 तासांचं प्रत्यक्ष काम आणि एक प्रकल्प, उदाहरणार्थ, दवाखान्यातल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाय वेळच्या वेळी तपासले जातील अशी घडी बसवणं. मला स्वतःला हा प्रकल्प उपयोगी वाटतो, पण त्यासाठी वाढलेली फी आणि वर्षं डोळ्यांत भरतातच. कोलंबिया विद्यापीठाचा 1316 रुग्णांचा गाजलेला अभ्यास 2000 साली छापून आला आणि डॉक्टर व नर्स प्रॅक्टिशनर यांच्या रुग्णांत सहा महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही. त्या नर्सपैकी एकीकडेही डीएनपी नव्हती, ती पदवीच तेव्हा नव्हती.

आपल्याकडे भारतीय नर्सिंग परिषदेने 2016 मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला तो अतिदक्षता विभागासाठी, म्हणजे मोठ्या रुग्णालयांसाठी. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसणारी बीएस्सी नर्स फोर्ड यांच्या कामाला जास्त जवळची आहे, पदनाम वेगळं असलं तरी.

फोर्ड 104 वर्षं जगल्या आणि जानेवारी 2025 मध्ये गेल्या. त्यांच्याकडे डॉक्टरेट होती, 1961 ची, शिक्षणशास्त्रातली.