तांबडं न दिसणारी काच

जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कधी डोकावला असाल तर तिथला तांबडा दिवा आठवेल. फोटो धुताना तेवढाच चालायचा, कारण कागदावरच्या चांदीच्या क्षारांना तांबडा प्रकाश जाणवतच नाही. निळ्या-जांभळ्या प्रकाशकणात त्या क्षारातून चांदी सुटी करण्याइतकी ऊर्जा असते, तांबड्यात नसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बहुतेक काचेच्या निगेटिव्हचीही हीच गत. रंगद्रव्यं मिसळून त्यांना हिरवं दिसू लागलं. तांबडं ओळखणाऱ्या काचा 1906च्या सुमारास बाजारात आल्या, पण सर्रास वापरात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

गंमत अशी, की ‘तांबडा’ या आपल्या शब्दाचं ज्या धातूच्या नावाशी नातं आहे, त्या तांब्याच्या खाणगावांचे कितीतरी फोटो याच आंधळ्या काचेवर निघाले.

असं एक गाव म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं कॅल्युमेट. सुपीरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर, साधारण 110 कोटी वर्षं जुन्या लाव्हाच्या थरांत इथे तांबं सापडायचं, तेही चक्क शुद्ध धातूच्या रूपात. एरवी तांबं बहुधा गंधकाला चिकटलेलं असतं. ते भाजलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि आसपासची झाडी मरते. टेनेसीतल्या डकटाउनचे जुने फोटो बघा, ओघळांनी चिरलेले उघडेबोडके डोंगर दिसतील. कीविनॉच्या फोटोंतही जमीन बोडकीच, पण तिथली झाडं धुराने मेली नाहीत. ती खाणीतल्या टेकूंना आणि सरपणाला गेली. नुसत्या फोटोवरून हा फरक कळत नाही, त्यासाठी खडकाची जात ठाऊक हवी.

कॅल्युमेटचे अनेक फोटो जे. डब्ल्यू. नारा यांनी काढले. 1874 साली फिनलंडमध्ये जन्मलेला हा माणूस इथे येऊन स्टुडिओ थाटून बसला. त्यांचं बरंच काम आज मिशिगन टेक विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

जमिनीखालचे फोटो हे त्या काळी सगळ्यात अवघड काम. खाणीतल्या दिव्यांचा उजेड काचेला पुरायचा नाही. मग मॅग्नेशियमची पूड पोटॅशियम क्लोरेटसारख्या ऑक्सिजन पुरवणाऱ्या क्षारात मिसळायची आणि पेटवायची. डोळे दिपवणारा एकच भपका, त्यामागोमाग मॅग्नेशियम ऑक्साइडचा पांढरा धूर. कोंडलेल्या बोगद्यात तो लवकर हटत नाही, म्हणजे दुसरा फोटो लगेच काढायची सोय नाही. त्यामुळे या फोटोंतली माणसं काम करत नसतात, काम करत असल्यासारखी उभी असतात. हात ड्रिलवर, नजर कॅमेऱ्याकडे, ड्रिल बंद. खडक फोडताना उडणारी जी धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस करते, तिचा फोटोत मागमूस नाही. ती असती तर फोटोच निघाला नसता.

अशा फोटोत मी आधी डोकी बघतो. कडक फेल्ट टोपी आणि तिच्यावर मातीच्या गोळ्यात खोचलेली मेणबत्ती दिसली तर जुना जमाना. टोपीला छोटा पितळी दिवा असेल तर तो बहुधा कार्बाइडचा. वरच्या कप्प्यातून पाण्याचा थेंब कार्बाइडवर पडतो, असिटिलीन वायू निघतो आणि तो जळतो. बंदी असूनही चोरून आंबे पिकवायला वापरतात, तोच हा कार्बाइड. टोपीवरच्या अशा दिव्याचं अमेरिकन पेटंट 1900चं, त्यामुळे तो दिसला की फोटो विसाव्या शतकातला हे पक्कं.

गावावर सत्ता कॅल्युमेट अँड हेक्ला कंपनीची. साच्यातून काढल्यासारख्या घरांच्या रांगा, पायाला खाणीतलाच टाकाऊ दगड. जमीन कंपनीची, दवाखाना कंपनीचा. 1898मध्ये कंपनीने वाचनालय बांधलं आणि त्याच्या तळघरात न्हाणीघरं काढली. ज्यांनी आपल्या पैशांनी घर बांधलं त्यांच्या पायाखालची जमीनही बहुधा कंपनीकडून भाड्याने घेतलेली. आता संप करायचा तर राहायचं कुठे?

1871 ते 1910 कंपनीचे अध्यक्ष होते अलेक्झांडर अगासीझ, समुद्रजीवांचे नावाजलेले अभ्यासक. खाणीत ओढकामाला लागणारी पोलादी तार त्यांनी समुद्रतळ खरवडणाऱ्या जहाजावर, तागाच्या दोराच्या जागी आणली. तांब्याच्या पैशावर ते थेट मालदीवची प्रवाळबेटं तपासायला गेले. हार्वर्ड विद्यापीठाचं प्राणिशास्त्राचं संग्रहालयही या पैशावर वाढलं. विज्ञानाच्या इतिहासात ही माहिती कौतुकाने सांगतात. कॅल्युमेटच्या फोटोंशेजारी ठेवून ती वाचली की कौतुक जरा थंडावतं.

23 जुलै 1913 रोजी संप सुरू झाला. एका कारणाचं नाव होतं एकट्याने चालवायचं ड्रिल. आधी एका ड्रिलवर दोघं असत, आता अंधारात एकट्याने खपायचं, आणि काही झालं तर हाक मारायलाही जवळ कुणी नाही. कामगारांनी त्या यंत्राला ‘विधवा करणारं’ म्हणायला सुरुवात केली. मोर्चांच्या पुढे लांब काठीवर भलामोठा अमेरिकन झेंडा घेतलेल्या ॲना क्लेमेन्सचे फोटो गाजले. तांबडं न दिसणाऱ्या काचेवर हा झेंडा भलताच वागतो: तांबडे पट्टे काळे पडतात, निळा चौकोन फिकटतो.

24 डिसेंबरला गावातल्या इटालियन हॉल या इमारतीच्या वरच्या मजल्यावर संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी ‘आग!’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात 73 जण गेले, त्यांत 59 मुलं. अशा गर्दीत माणूस बहुधा पायदळी तुडवला जाऊन मरत नाही. चहूबाजूंनी दाब आला की छाती फुगायला जागा उरत नाही, आणि उभ्या उभ्या श्वास थांबतो. नंतर काढलेला त्या जिन्याचा फोटो आहे. पायऱ्या, भिंती, बस. दारं आत उघडत होती की बाहेर, यावर अजून वाद चालतो आणि वाद घालणारे पुन्हा पुन्हा जुन्या फोटोंकडेच वळतात. ओरडणाऱ्याला शिक्षा कधीच झाली नाही.

इमारत 1984मध्ये पाडली, दाराची कमान तेवढी ठेवली. गावातल्या इतर जुन्या वास्तूंपैकी सेंट ॲन चर्च अजून उभं आहे, जेकब्सव्हिलच्या वालुकाश्माचं. हा दगड चांगला तांबडा आहे. नारांच्या काळच्या काचेवर मात्र तो काळपट राखाडी उमटायचा.