‘पडीक’ म्हणजे कुणाची जमीन? सीमाभागातल्या सौरऊर्जेची पार्श्वभूमी

बेळगावात ऊन कामाला लागलं ते आधी न्हाणीघरात. शेणी, करवंट्या आणि जळाऊ लाकडावर चालणारा तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि गच्चीवर पाणी तापवणाऱ्या नळ्या आल्या. लाकूड वाचलं, धूर गेला. त्यावर कुणाचं भांडण नाही. (आषाढात बंब पुन्हा खाली उतरतो, ते सोडा.)

भांडण सुरू झालं ते पॅनेलं शिवारात उतरल्यावर. कर्नाटकचं सौर धोरण २०१४ मध्ये आलं. त्यानंतर एकाच ठिकाणी गर्दी नको म्हणून तालुक्यागणिक २० मेगावॉट अशी वाटणी झाली. एका मेगावॉटला चार-पाच एकर धरले, तरी तालुक्यात शंभरेक एकर लागतात. बागायत कोण देणार? मग ‘पडीक आहे की’ हे उत्तर ठरलेलं.

या एका शब्दात तीन अर्थ अडकलेत. शेतकऱ्याच्या तोंडी पडीक म्हणजे यंदा न पेरलेलं रान. पुढच्या वर्षी तिथंच जोंधळा उभा राहतो. दुसरा अर्थ महसुलाचा. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं ‘पोटखराबा’ (शेतातली लागवडीला न धरलेली जमीन) हा शब्द इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे आणि कन्नड उताऱ्यातही ‘खराब’ राहिलाच, अ आणि ब अशा दोन वर्गांचा. त्यातल्या ‘ब’मध्ये ओढे, वाटा, तळी येतात. म्हणजे सारा बसत नाही ती खराब. निरुपयोगी ती नव्हे. तिसरा अर्थ केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांचा, पहिला २००० सालचा. त्यात झुडपी रानं आणि झिजलेली चराऊ कुरणंही धरलेली. मराठीत गायरान, कन्नडमध्ये गोमाळ; नकाशावर मात्र दोन्ही रिकामं.

सौंदत्ती-अथणीकडच्या माळावर दिवाळीच्या सुमारास गेलात तर पायजम्याला कुसळं चिकटतात आणि प्रकल्पाच्या तारेच्या जाळीला लोकरीचे पुंजके. मेंढरं अजून जुन्याच वाटेनं येतात, एवढाच त्याचा अर्थ. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड्यात सौर प्रकल्पासाठी सुमारे १३ हजार एकर भाड्यानं घेतले, तेव्हा एकरी भाडं खातेदाराला मिळालं. मेंढपाळाचं नाव उताऱ्यावर नव्हतंच.

हे आधी तपासायला हवं होतं. पण २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या यादीत सौर पॅनेलांचे प्रकल्प नाहीत, आणि २०१६ च्या प्रदूषणाच्या वर्गवारीत ते ‘पांढऱ्या’, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या गटात गेले. धुराच्या मापानं ते बरोबरच आहे. माळाच्या मापानं नाही, कारण त्या वर्गवारीत माळ मोजायचं खानाच नाही.

फायदा खोटा नाही. कोळशावरच्या एका युनिटमागं किलोभर कर्बवायू हवेत जातो. २०१५ च्या नियमानं जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटर पाण्याची मुभा होती. पॅनेल धुण्याचं पाणी त्यापुढं किरकोळ. कोरड्या तालुक्यात तेही बोअरमधूनच उपसावं लागतं, हे खरं. २०१९ नंतर सौर कृषिपंपांची केंद्राची योजना आली. रात्री पिकाला पाणी द्यायला दाऱ्यावर जाणं टळतं, म्हणून शेतकरी खूश. फुकटच्या उन्हावर बोअर दिवसभर चालली तर भूजलाचं काय, ही धास्तीही त्याच बांधावरची.

पॅनेलांच्या कचऱ्याकडं लक्ष सगळ्यात उशिरा गेलं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलं आली, पण तूर्त उत्पादकांना ती २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायला सांगितलंय. आयुष्य पंचवीस वर्षांचं धरलं तर २०१६-१७ ला बसवलेली २०४१ च्या आसपास उतरतील, म्हणजे ही मुदत संपल्यावर.