५० मीटर आणि ट्रॅपकडे नेमबाज कमी का वळतात?

आमच्या नेमबाजी वर्गात प्रवेशाच्या वेळी बरेच पालक विचारतात, "स्वप्नील कुसाळे खेळतो तो प्रकार शिकवता का?" आमच्याकडे १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल एवढंच आहे. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे ५० मीटरवर गुडघ्यावर बसून (नीलिंग), पालथं झोपून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) रायफल मारायचा. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला त्याला त्यात कांस्य मिळालं. तरीही तिकडे मुलं कमीच जातात. खेळात गोडी नाही म्हणून नव्हे, वाट अडलेली आहे म्हणून.

पहिली अडचण परवान्याची. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही आणि १० मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्येही बसते. ५० मीटरला पॉइंट टू-टू (.२२) ही खऱ्या काडतुसांची रायफल लागते, म्हणजे परवाना, पोलिसांची पडताळणी, काडतुसांचा हिशेब. परदेशी रायफल मागवायची सवलत मिळते ती स्पर्धेत ठरावीक गुण मिळवल्यावर, आणि ते गुण मिळवायला आधी हातात रायफल हवी. तोवर दुसऱ्याच्या रायफलवर सराव करावा लागतो.

मग काडतुसं. एकाच कंपनीच्या दोन लॉटची, म्हणजे दोन वेगवेगळ्या खेपांत बनलेली काडतुसं एकाच नळीतून सारखी जात नाहीत. म्हणून मुरलेले नेमबाज रायफल स्टँडला घट्ट आवळून, एकेका लॉटचे शॉट टार्गेटवर किती जवळजवळ बसतात ते पाहतात आणि जुळलेला लॉट साठवून ठेवतात. हा खर्च एअर रायफलच्या छर्‍यांच्या कित्येक पट आहे. स्पर्धेत नीलिंग, प्रोन, स्टँडिंग मिळून ६० शॉट. सरावाला तर मोजदाद नाही.

ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेली चकती (क्ले) शॉटगनने फोडायची. त्याला शहराबाहेर मोकळं मैदान लागतं. एका राउंडला २५ क्ले उडतात, फुटलेली परत वापरता येत नाही.

ऑलिंपिकमधून प्रकार वगळला की उरलेलेही पांगतात. राज्यवर्धन राठोड यांना २००४ मध्ये रौप्य मिळवून देणारा डबल ट्रॅप (एका वेळी दोन क्ले उडतात तो) आणि पुरुषांची ५० मीटर प्रोन, दोन्ही २०१६ नंतर गेले. महिलांची प्रोन तर तिथे कधी नव्हतीच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला त्यातच जगज्जेतेपद मिळवलं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

मुलाला ओढ असेल तर जरूर सांगा. आधी १० मीटरवर स्टँडिंग पक्कं होऊ द्या. पुढे पुण्यात बालेवाडीत ५० मीटरची रेंज आहे. परवान्याला कोणते कागद लागतात, ते आमच्या काउंटरवर समजावून देतो.