पर्लमधले @वार आणि $#वार: सात की सहा?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सोमवार ते रविवार असे सात वार एका ॲरेत, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत, ठेवू. कोड यूटीएफ-८ मध्ये (मराठीसारख्या लिप्याही साठवणाऱ्या पद्धतीत) आहे असं सांगितलं की पर्लला मराठी नावंही चालतात, म्हणून ॲरेचं नाव @वार.

@वार तुलनेत किंवा बेरजेत वापरला की ७ मिळतात, म्हणजे एकूण वार किती ते. $#वार मात्र ६ देतो. तो शेवटच्या वाराचा क्रमांक आहे, कारण सोमवारचा क्रमांक ०. ‘तळमजला अधिक सहा’ अशा इमारतीत मजले सात असतात, पण लिफ्टमधलं सगळ्यात वरचं बटण ६ चंच असतं.

$#वार म्हणजेच लांबी, हा घोळ होण्याला कारणही आहे. सी-शेलमध्ये (युनिक्सवर कमांड देण्याच्या एका प्रोग्राममध्ये) $# हेच चिन्ह खरोखर लांबी सांगतं. तिथे मोजणी १ पासून असल्यामुळे लांबी आणि शेवटचा क्रमांक एकच येतो. लॅरी वॉल यांची पर्ल (१९८७) ० पासून मोजते, आणि तिथे दोन्हींत एकाचा फरक पडतो.

हा एक किती महागात पडतो ते मी अनुभवलंय. वारांनुसार विक्रीची बेरीज करताना मी लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडची, अट अशी लिहिली होती ($क्र हा ० पासून वाढत जाणारा क्रमांक):

$क्र < $#वार

रविवारची विक्री बेरजेत आलीच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडाही पटण्यासारखा. उलट चूक, म्हणजे $क्र <= @वार, मला त्यामानाने बरी वाटते. लूप आठव्यांदा फिरतं, हाती काहीच लागत नाही आणि वॉर्निंग चालू असतील तर पर्ल तक्रार तरी करते. बरोबर जोड्या दोनच: ‘<’ बरोबर @वार, ‘<=’ बरोबर $#वार. क्रमांकाची गरजच नसेल तर सरळ फॉरईच (एकेक वार आपोआप हाती देणारं लूप) वापरावं.

ॲरे रिकामा आहे का हे $#वार वरून तपासणं तर फारच धोक्याचं. रिकाम्या ॲरेला तो −१ देतो, आणि −१ पर्लच्या लेखी ‘खरं’. एकच वार असेल तर ० येतं, ते ‘खोटं’. म्हणजे नेमकं उलटं उत्तर! इथे @वार च हवा.

$#वार ला किंमतही देता येते. ४ दिलीत की शनिवार-रविवार ॲरेतून कायमचे गेले.

आणि लांबी हवी म्हणून ‘लेंग्थ’ फंक्शनकडे जाऊ नका. ते अक्षरं मोजतं. @वार दिला तर आधी त्याचे ७ होतात, मग त्या एका अंकाची लांबी म्हणून उत्तर येतं १.