पार्श्वभूमी : माशांचं जीवनचक्र आणि वर्गीकरणातली जुनी गल्लत

२००९ साली खोल समुद्रातल्या माशांची तीन कुळं (म्हणजे जवळच्या वंशांचे गट) मिळून एक झाली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे डेव्हिड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मिरापिनिडी, मेगॅलोमिक्टेरिडी आणि सिटोमिमिडी ही निरनिराळी कुळं नाहीतच. पहिल्यातले मासे ही पिल्लं, दुसऱ्यातले नर आणि तिसऱ्यातल्या माद्या. पिल्लं समुद्राच्या वरच्या थरात राहतात आणि त्यांच्या शेपटीला अंगापेक्षा कितीतरी लांब फीत असते. वयात येताना नराची अन्ननलिका आणि जठर नाहीसं होतं. पिल्लू असताना खाऊन यकृतात साठवलेलं असतं, त्यावरच तो उरलेले दिवस काढतो. मादी मात्र एक हजार मीटरपेक्षा खोल पाण्यात राहते आणि तिचं तोंड प्रचंड असतं. संग्रहालयांतले नमुने नीट पाहिले तर खूण समोरच होती: पहिल्या कुळात एकही मासा वयात आलेला नव्हता, दुसऱ्यात एकही मादी नव्हती, तिसऱ्यात एकही नर नव्हता.

तज्ज्ञांच्या हातून एवढी चूक झालीच कशी, असं वाटणं साहजिक आहे. पण माशांच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला तर अशी गल्लत पुन्हा पुन्हा झालेली दिसते आणि तिचं मूळ वर्गीकरणाच्या पद्धतीतच आहे.

आधुनिक पद्धतीचा पाया स्वीडनच्या पीटर आर्टेडीने घातला. परांतले काटे मोजायचे, कल्ल्यांची रचना पाहायची, अंगाची मापं घ्यायची आणि मगच नाव द्यायचं, ही शिस्त त्याची. १७३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कालव्यात बुडून तो तरुणपणीच गेला. त्याचं हस्तलिखित त्याचा मित्र लिनियस याने १७३८ मध्ये छापून आणलं. पुढे १७५८ च्या आपल्या प्राण्यांच्या सुप्रसिद्ध सूचीत लिनियसने देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेलं, ते योग्यच होतं. पण त्याच सूचीत शार्क आणि पाकट यांना त्याने उभयचरांत बसवलं! क्यूव्हिए आणि व्हॅलेन्सिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८२८ ते १८४९ या काळात माशांवर २२ खंड काढले. काम थोर होतं यात शंका नाही. तरी या साऱ्याचा आधार प्रामुख्याने मद्यार्कात बुडवलेला मेलेला मासा होता. बरणीतला मासा वाढत नाही, रूप बदलत नाही. पिल्लू आणि त्याची आई दोन बरण्यांत असली, तर त्यांचं नातं सांगणार कोण?

नद्यांतला छोटा, अंगावर गडद ठसे असलेला पार नावाचा मासा कित्येक निसर्गअभ्यासक वेगळी जात मानत. त्याला कारणही होतं. यातले नर इवलेसे असतानाच वीर्य धरतात, मग ही पिल्लं कशी म्हणायची? १८३० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ड्रमलॅनरिग इथे जॉन शॉ या शिकारराखणदाराने तळ्यांत अंडी उबवून वाद मिटवला. सॅमनच्या अंड्यांतून पारच निघाले आणि तेच पुढे रुपेरी होऊन समुद्राकडे जायला तयार झाले. मोठ्या सॅमन मादीची अंडी छोट्या पारच्या वीर्याने फलित होतात, हेही त्याने करून दाखवलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्याला संग्रहालय लागलं नाही, तळं आणि चिकाटी लागली. १८५६ मध्ये ऑगस्ट म्यूलरने लॅम्प्रेच्या, म्हणजे जबडा नसलेल्या, वामीसारख्या लांबट माशाच्या बाबतीत असंच केलं. गाळात राहणारा, डोळे न दिसणारा अ‍ॅमोसीट हा वेगळा वंश समजला जाई. तो लॅम्प्रेचाच डिंभ, म्हणजे प्रौढाहून वेगळ्या रूपाचं पिल्लू निघाला.

सगळ्यांत लांबलेली कथा वाम माशाची. अ‍ॅरिस्टॉटलला वामीत ना अंडी सापडली ना वीर्य, म्हणून त्याने तिचा जन्म चिखलातून होतो असं मानलं. वामीचं अंडाशय पहिल्यांदा नीट ओळखलं ते १७७७ मध्ये, बोलोन्याच्या कार्लो मोंदिनीने. वृषण सापडायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. १८७४ मध्ये सिर्स्की या प्राणिशास्त्रज्ञाने ते दाखवलं. त्याची खातरजमा करायला विद्यार्थीदशेतल्या सिग्मंड फ्रॉइडने (पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेला तोच) त्रिएस्तेत सुमारे चारशे वामी चिरल्या, तरी निर्विवाद पुरावा हाती आला नाही.

दरम्यान समुद्रात सापडणाऱ्या एका पानासारख्या चपट्या, काचेसारख्या पारदर्शक माशाला लेप्टोसेफॅलस असं स्वतंत्र वंशनाम मिळालं होतं. डोकं एवढंसं, दात सुईसारखे, रक्तात लाली नाही. वामीशी त्याचं काही नातं असेल असं दिसण्यावरून कुणी म्हणालं नसतं. इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी त्याच्या अंगावरचे स्नायूंचे पट्टे मोजले आणि ती संख्या वामीच्या मणक्यांशी जुळवून पाहिली. ती जुळली. मग १८९० च्या दशकात त्यांच्या टाकीत हा मासा डोळ्यांदेखत बदलला: चपटेपणा गेला, अंग आखडून आधीपेक्षा लहान झालं आणि उरलं ते वामीचं पारदर्शक पिल्लू. एक अख्खा वंश त्या टाकीत निकालात निघाला.

पण हे डिंभ येतात कुठून? १९०४ मध्ये फेरो बेटांच्या पश्चिमेला डेन्मार्कच्या योहानेस श्मिटला ७७ मिलिमीटरचा एक डिंभ मिळाला. त्याने मनाशी एक साधा हिशेब धरला: डिंभ जितका लहान, तितकी जन्माची जागा जवळ. पुढची बरीच वर्षं तो अटलांटिक महासागरात जाळी ओढत राहिला, व्यापारी जहाजांनाही या कामाला लावलं. सगळ्यांत छोटे डिंभ उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात मिळाले.

खोल पाण्यातल्या अँगलरची, म्हणजे डोक्यावरच्या आमिषाने भक्ष्य ओढणाऱ्या माशाची, गोष्ट थोडक्यात अशी. १९२२ मध्ये एका मादीच्या अंगाला चिकटलेले दोन छोटे मासे आइसलंडच्या सेमुंडसनला दिसले. त्याला ती पिल्लं वाटली. असा चिकटलेला छोटा मासा म्हणजे मादीच्या रक्तावर जगणारा नर असतो, हे ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ टेट रीगनने १९२५ मध्ये सांगितलं.

१९५० मध्ये कीटकांचा अभ्यासक विली हेनिग याने या गोंधळाला सैद्धांतिक उत्तर दिलं. आपण हातात धरतो तो प्राणी त्याच्या आयुष्यातला एक टप्पा असतो. जात ठरवायची तर सगळे टप्पे आणि दोन्ही लिंगं एकत्र बांधली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. आज हे काम डीएनए करतं. सुरुवातीला सांगितलेल्या तीन कुळांच्या बाबतीतही डीएनएचा मोठा आधार मिळाला.

वामीचं मात्र अजून बाकी आहे. अझोर्स बेटांजवळून उपग्रह-खुणा लावून सोडलेल्या काही वामी सारगासोपर्यंत पोहोचल्याची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढ युरोपीय वामी तिथे जाते याचा हा पहिला थेट पुरावा. जपानी वामीची अंडी २००९ मध्ये मरियाना बेटांच्या पश्चिमेला समुद्रातून मिळाली, युरोपीय वामीची आजवर मिळालेली नाहीत. दरम्यान युरोपीय वाम अतिसंकटग्रस्त यादीत गेली आहे, आणि वामीच्या शेतीला लागणारं बी आजही प्रामुख्याने नदीमुखांवर पकडलेल्या पारदर्शक पिल्लांतूनच येतं.