वलय बंद झालं, हे कशावरून ठरवतो?
नायट्रोजन-ऑक्सिजनयुक्त वलयी संयुगं बनवून किंवा तपासून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘मास जुळला ना? मग पाठवून द्या,’ असे फोन आमच्या प्रयोगशाळेत नेहमी येतात. घाई कळते, पण नुसत्या मासवर, म्हणजे यंत्राने मोजलेल्या रेणूच्या वस्तुमानावर, आम्ही बाटलीला लेबल लावत नाही.

२,५-डायफिनाइल-१,३,४-ऑक्साडायझोलचंच घ्या. पाच अणूंचं वलय, त्यात दोन नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. (एचआयव्हीवरच्या राल्टेग्राविर या औषधातही १,३,४-ऑक्साडायझोलचं वलय आहे.) बेंझोहायड्रॅझाइड आणि बेंझॉइल क्लोराइडपासून डायबेंझॉइलहायड्रॅझिन मिळतं, रेणुभार २४०. ते फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडमध्ये रिफ्लक्स केलं (वाफ थंड करून परत आत पडेल असं उकळलं) की पाण्याचा एक रेणू निघून जातो, वलय बंद होतं आणि रेणुभार २२२ वर येतो. कागदावर दोन ओळींचं काम! खरा वेळ वर्कअपला, म्हणजे क्रियेनंतरच्या साफसफाईला लागतो. जादा ऑक्सिक्लोराइड कमी दाबाखाली काढायचं, उरलेलं फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), काच खाली ओढून, चुरलेल्या बर्फावर थोडं थोडं सोडायचं. पाण्याशी त्याची क्रिया कधीकधी उशिरा भडकते, त्यामुळे सुरुवातीला शांत दिसलं म्हणून हात सैल सोडता येत नाही. ‘परवापर्यंत द्या’ला आम्ही नाही म्हणतो, ते यासाठी.

मग ओळख पटवायची. आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रममध्ये ३२०० च्या आसपासचा एन-एचचा आणि १६५० च्या आसपासचा कार्बोनिलचा पट्टा गेलेला हवा. मासमध्ये २२३ दिसायला हवा, म्हणजे रेणू अधिक एक प्रोटॉन. इथपर्यंत सगळं जुळतं आणि इथेच फसगत होते. ३,५-डायफिनाइल-१,२,४-ऑक्साडायझोल या भावंडात वलयातल्या अणूंच्या जागा वेगळ्या, पण रेणुसूत्र अगदी तेच. मास तोच, सीएचएन (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन) विश्लेषणही तेच: कार्बन ७५.६६ टक्के, नायट्रोजन १२.६० टक्के. वरच्या पद्धतीने हे भावंड बनत नाही हे खरं, पण बाहेरून तपासायला आलेली पावडर कुठल्या पद्धतीने बनली, हे आम्हाला कसं कळणार?

निकाल देतो कार्बन एनएमआर, म्हणजे प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या कार्बनचा वेगळा सिग्नल दाखवणारी चुंबकीय तपासणी. १,३,४ सममित आहे, म्हणून वलयातल्या दोन्ही कार्बनचा मिळून एकच सिग्नल, १६५ पीपीएमच्या जरा अलीकडे. फिनाइलचे चार धरून एकूण पाच. १,२,४ मध्ये वलयातले दोन कार्बन वेगळे पडतात, साधारण १६९ आणि १७६ ला. पाहताक्षणी कळतं.

तपासणीसाठी नमुना देताना प्रोटॉन एनएमआरला ५ ते १० मिलिग्रॅम पुरतो, कार्बनला २० ते ३० तरी हवा. आणि तो नीट वाळवून द्या. ‘माझ्या रेणूत इथाइल गट कुठून आला?’ असं एका विद्यार्थ्याने घाबरून विचारलं होतं. क्लोरोफॉर्ममधल्या त्याच्या स्पेक्ट्रममध्ये १.२६, २.०५ आणि ४.१२ ला पीक होते, म्हणजे शुद्धीकरणाच्या कॉलममधलं, न वाळलेलं इथाइल ॲसिटेट हे द्रावक!

एकस्फटिक क्ष-किरण तपासणी हवी असेल तर पावडर चालत नाही, एकसंध स्फटिक लागतो. तो वाढायला कधी चार दिवस लागतात, कधी वाढतच नाही. त्यामुळे त्याची तारीख आम्ही आधी देत नाही. अहवालासोबत मूळ स्पेक्ट्रमच्या फायली देतो. त्या मागून घ्या, नुसत्या ‘जुळते’ या शेऱ्यावर थांबू नका.