जांगडवर जुन्या वस्तूंचं दुकान टाकायचंय? नोंदणी कुठं करायची आणि कागद काय लागतात

सांगलीत विश्रामबागेत माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. साड्या, लहान मुलांच्या सायकली, मिक्सर, इंजिनिअरिंगची पुस्तकं, मिरजेच्या मेडिकलच्या पोरांचे एप्रन, असं सगळं. निम्मा माल मी विकत घेते आणि निम्मा जांगडवर असतो, म्हणजे वस्तू लोकांची, दुकान माझं, विकली गेली की कमिशन कापून पैसे त्यांना, नाही विकली तर वस्तू परत. आता बऱ्याच जणी विचारतात की ताई लायसन कुठलं लागतं, एजंट गाठावा का, किती खर्च येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पात्रता. शिक्षणाची अट नाही, वय १८ पूर्ण पाहिजे, कारण त्याखालच्या माणसानं केलेला करार कायद्यात धरला जात नाही. आणि हे फक्त तुमच्यापुरतं नाही, वस्तू ठेवणाऱ्यालाही तेच लागू. अकरावी-बारावीची पोरं फोन नाहीतर घड्याळ घेऊन येतात, त्यांना गोड बोलून सांगायचं, आईला घेऊन ये मग बघू.

जागा स्वतःची असेल तर घरपट्टीची पावती आणि लाइट बिल पुरतं, सासऱ्यांच्या नाहीतर दिराच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडायचं. भाड्याची असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच घ्या, नोटरीवर भागवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि नोंदवायची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी फी शहरात १००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००, मुद्रांक शुल्क वेगळं. मालक कुरकुर करतात, करू देत, पुढच्या प्रत्येक अर्जाला हाच कागद लागतो.

मग गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. लोक अजून गुमास्ता लायसन म्हणतात पण २०१७ च्या दुकाने कायद्यापासून छोट्या दुकानाला लायसन असं नाहीच. कामाला २० पेक्षा कमी माणसं असतील तर धंदा चालू केल्यापासून ६० दिवसांत कामगार विभागाच्या पोर्टलवर नुसती सूचना द्यायची, एफ फॉर्म भरून, त्याची पावती येते तीच जपायची. आधार, पॅन, जागेचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाचा पाटीसकट फोटो एवढं तयार ठेवा. म्हणजे पाटी आधी रंगवायची, अर्ज नंतर. पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि पहिल्यांदा पाहिजे, इंग्रजी लिहायचं असेल तर त्याची अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत, आणि २०२२ पासून हे एकट्या माणसाच्या दुकानालाही लागू आहे. शेजारच्या गाळ्यात एकीनं इंग्रजी फ्लेक्स आधी छापला, नंतर दुसरा करावा लागला, पैसे दोनदा गेले. महापालिकेच्या परवाना विभागातही एक चक्कर मारून तुमच्या जागेला आणि मालाला वेगळा परवाना लागतो का ते विचारून घ्या.

उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची केंद्र सरकारची नोंदणी, फुकट आहे, सरकारी साइटवर आधार आणि पॅनवर दहा-पंधरा मिनिटांत होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट गूगलवर वर दिसतात तिकडं जाऊ नका. किरकोळ व्यापाराला उद्यममध्ये २ जुलै २०२१ पासून घेतलंय, फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. धंद्याचा कोड निवडताना ४७७४ शोधा, तो जुन्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीचाच आहे. गुमास्त्याची पावती आणि उद्यम घेऊन करंट खातं उघडा, लोकांचे पैसे घरखर्चाच्या खात्यात अजिबात नकोत. कर्ज लागलंच तर सरकारच्या मुद्रा योजनेत शिशू ५० हजारांपर्यंत आणि त्याच्या वर ५ लाखांपर्यंत किशोर, सुरुवातीला शिशूच पुष्कळ झालं, रॅक, आरसा, इस्त्री आणि पाटी त्यात निघते. प्रोफेशनल टॅक्सची, म्हणजे व्यवसाय कराची, पीटीईसी नोंदणी विसरू नका, वर्षाला २५०० रुपये, ३० जूनच्या आत.

जीएसटीत सगळ्या अडकतात. नुसता माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत नोंदणी लागत नाही. पण कमिशन ही सेवा धरली जाते, आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. त्यातही बिल तुमच्या दुकानाच्या नावानं फाडलं तर साडीची पूर्ण किंमत तुमची उलाढाल धरली जाते, नुसतं कमिशन नाही. आणि माल ठेवणारा स्वतः जीएसटीवाला व्यापारी असेल, समजा एखादा साडीवाला जुना स्टॉक तुमच्याकडं टाकतोय, तर मर्यादा न बघता तुम्हाला नोंदणी लागते, म्हणून सुरुवातीला घरगुती माणसांचाच माल घ्या. विकत घेतलेल्या जुन्या मालाला मात्र मोठी सवलत आहे. ६०० ला साडी घेतली, धुऊन इस्त्री करून ९०० ला विकली तर कर ३०० वर, ९०० वर नाही. तोट्यात गेली तर कर शून्य. अट एवढीच की खरेदीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलेलं नसावं आणि वस्तूचं रूप बदललेलं नसावं, म्हणजे साडीचा ड्रेस शिवून विकला तर ही सवलत नाही. आणखी एक, आयकरात अंदाजे नफा दाखवायची जी सोपी पद्धत आहे ती कमिशनच्या उत्पन्नाला चालत नाही, म्हणून विकत घेतलेला माल आणि जांगडचा माल यांचे हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वह्यांत लिहा.

इथपर्यंतचं सगळं आठवड्याभरात होतं. खरा कागद यापुढचा आहे आणि तो कुठलंच ऑफिस मागत नाही. वस्तू ठेवणाऱ्याबरोबरची जांगड पावती.

पहिल्या वर्षी मी साध्या वहीत नाव आणि रक्कम लिहायचे. तेव्हा दुकान नदीजवळच्या गावभागात होतं. २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी चढायला लागलं, आम्ही रात्रभर माल माळ्यावर टाकला तरी खालच्या कप्प्यातल्या अकरा साड्या भिजल्या. सगळ्या लोकांच्या. त्यात एक जांभळी पैठणी होती, एका काकूंच्या लग्नातली, पदरावरच्या मोरांचा रंग उतरून काठावर पसरलेला. काकू काही बोलल्या नाहीत, तिथंच उभं राहून नुसता पदर हातात धरून बघत होत्या. पुराचं काय करायचं हे वहीत कुठंच लिहिलं नव्हतं, म्हणून मी अकराही साड्यांचे पैसे दिले, पुढचे आठ महिने थोडे थोडे करून. करार कायद्यात आपल्याकडं ठेवलेल्या वस्तूची काळजी आपण स्वतःच्या वस्तूसारखी घेतली पाहिजे एवढंच आहे, बाकी कुणी किती सोसायचं ते आधी कागदावर ठरवावं लागतं.

म्हणून आता पावतीवर काय काय असतं ते सांगते. नाव, फोन, आधारची झेरॉक्स, वस्तूचं वर्णन आणि दोष. दोष ठेवणाऱ्याच्या समोरच लिहायचे, उजेडात साडी पूर्ण उलगडून, पदरापासून तीन वीत अंतरावर हळदीचा डाग, फॉल उसवलेला, असं, आणि मोबाइलवर फोटो. मग विक्रीची किंमत, किती खाली उतरलं तर चालेल, कमिशन किती टक्के, पैसे कधी. मी दर महिन्याच्या पाच तारखेला देते. मुदत ९० दिवस, त्यानंतर मेसेज, मेसेजनंतर १५ दिवसांत वस्तू नेली नाही तर काय करायचं तेही लिहिलेलं. आणि शेवटी पुराचं कलम. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट, म्हणजे इशारा पातळीला गेलं की मी सगळ्यांना फोन करणार, ज्यांना माल न्यायचाय त्यांनी न्यावा, बाकी मी वर हलवणार. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४५ आहे, तेव्हा ४० ला हललं तरच हातात वेळ राहतो. विमा काढताना कंपनीला स्पष्ट सांगा की दुकानात दुसऱ्यांचा माल असतो आणि पॉलिसीत तसं लिहून घ्या, नाहीतर तुमच्याच मालाचे पैसे मिळतात. मोठ्या किमतीच्या वस्तूला ५०० च्या स्टॅम्पवर करार करा, १०० चा आता चालत नाही.

काय घ्यायचं नाही तेही ऐका. मोबाइल बिलाशिवाय नाही. एकदा मी विश्वासानं घेतला आणि महिन्यानं खरा मालक बिल घेऊन दारात उभा राहिला, चोरीचा माल माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेत ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माहीत नव्हतं हे पटवायला तुमच्याकडं रजिस्टर लागतंच. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा, केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ ला पाठवा, फोन ब्लॉक आहे का ते लगेच कळतं. जुन्या गाड्या नको, १ एप्रिल २०२३ पासून त्या व्यापाराला आरटीओचं वेगळं अधिकारपत्र लागतं. वाड्यातून निघालेल्या १०० वर्षांवरच्या मूर्ती, शिल्पं, चित्रं नको, पुरावस्तूंच्या व्यापाराला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. मिरज जवळ असल्यानं जुने तंबोरे, सतारी येतात, खुशाल घ्या, चांगली किंमत मिळते, २०२४ ला त्यांना जीआय मानांकनही मिळालंय, फक्त घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि नक्षी नीट बघा. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर वस्तू परत द्या, वन्यजीव कायद्यात त्याची विक्री बंद आहे.

पावतीच्या दोन प्रती करा, एक त्यांना, एक आपल्याला, दोन्हीवर सह्या. त्या काकू आजही साड्या घेऊन येतात आणि सही करायच्या आधी पुराचं कलम बोट ठेवून वाचतात.